बरात पायी निघाली

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मला नवऱ्या मुलापेक्षा त्याच्या बसचंच अप्रूप जास्त होतं. आमच्या नात्यात तोवर सगळे कारकून, मास्तर, नाहीतर देवळातले पुजारी. घरात चाकं म्हणजे सायकलची, आणि तीही दसऱ्याला झेंडूची माळ घालून पुजायची. आणि हे गृहस्थ मुलगी बघायला चक्क स्वतःची बस घेऊन आले. ती आमच्या गल्लीत शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून तोंडाशी उभी केली आणि भोंगा असा दाबला की समोरच्या हलवायाकडची गिऱ्हाइकं पानांचे दोने हातात घेऊन रस्त्यावर आली. निळी बस, आरशाला लाल गोंडे, आत अगरबत्तीचा आणि डिझेलचा मिसळलेला वास. घरात पोहे निवत पडले आणि गल्लीतली सगळी मुलं, सर्वांत पुढे मी, बसमध्ये चढून बसलो. त्यांनी आम्हाला किल्ल्याच्या पायथ्याशी फिरवून आणलं. ताईने अजून त्यांना धड पाहिलंही नव्हतं. मी मात्र धापा टाकत माडीवर गेले आणि तिला म्हटलं की हो म्हण, लगेच हो म्हण.

ताईने हो म्हटलं ते अर्थात माझ्यामुळे नाही. माणूस खरोखर देखणा होता, हसरा होता, आपल्यातलाच मराठी होता आणि झाशीतलाच होता. तिला ग्वाल्हेरला किंवा सागरला देण्यापेक्षा आईला तेच बरं वाटलं. नाना, म्हणजे आमचे वडील, कचेरीतून येता येता चौकशी करून आले; मुलाला आईवडील नाहीत, पण निर्व्यसनी आहे, दारूला शिवत नाही, असं सगळीकडून कळलं. ते खरंही होतं. दारूला ते कधीच शिवले नाहीत. महाराष्ट्रातले लोक बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणतात. आमच्या कितीतरी पिढ्या झाशीत गेल्या, आम्ही जिजाजीच म्हणत आलो.

लग्नानंतर वर्षभराने मी ताईकडे राहायला गेले. तिचं घर इलाइट चौराह्याच्या मागे, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, आणि माझं इंटर कॉलेज तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. खाली मोकळ्या पटांगणात बस उभी असायची. सकाळी आधी रामसेवक यायचा. तो कंडक्टर, मऊरानीपूरकडचा, बोलायला कमी आणि झोपायला जास्त. तो बादलीने बस धुवायचा, मग इंजिन खोकायचं, थरथरायचं, आणि आमच्या फळीवरची पितळेची भांडी एकमेकांना लागून किणकिणायला लागायची. त्या आवाजावर ताई स्टोव्ह पेटवायची. चौराह्यावरून तांगेवाल्यांची हाळी, पानवाल्याचा रेडिओ, हातगाडीवाल्यांची भांडणं, सगळं खिडकीतून थेट आत यायचं. आमच्या जुन्या घरात तिन्हीसांजेला नानांच्या स्तोत्राखेरीज आवाज नसे. इथे मला वाटायचं की मी जत्रेच्या मधोमध राहायला आले आहे. ताईचा स्वयंपाकही बदलला होता. वरण-भात, कोशिंबीर होतीच, पण गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या जाड रोट्या, म्हणजे गकरिया, आणि भरताची वांगी ती अशी करायची की जिजाजी बोटं चाटत म्हणायचे, "इंदू, तू पुण्याची असतीस तर मी उपाशी मेलो असतो."

बस मोठ आणि गरौठा या गावांच्या फेऱ्या करायची. लग्नसराई आली की फेऱ्या बंद आणि बराती सुरू. एक बरात सोडून आली की दुसरी उभी. मोठच्या मंडीशेजारच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांनी जिजाजींना एक गोळी दिली, चहाबरोबर घ्यायची. छोटी, पांढरी. ड्रायव्हर तिला 'चुस्ती की गोली' म्हणायचे. ती घेतली की झोप येत नाही, भूक लागत नाही, डोळे कसे लख्ख उघडे राहतात. पुढे झाशीतल्याच एका औषधवाल्याकडे मिळू लागली. तेव्हा कुणी चिठ्ठी मागत नसे. आम्हालाही त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. जिजाजींनीच वर येऊन मोठ्या कौतुकाने कागदाची पुडी उघडून दाखवली होती. ताईने विचारलं की हे कसलं औषध, तर म्हणाले, ताकदीचं.

आणि ते दिवस काय होते म्हणून सांगू. गोळीवरचे जिजाजी म्हणजे दिवाळी. बरात सोडून यायचे, न झोपता लगेच भिंतींना चुना काढायला घ्यायचे. पहाटे मला उठवायचे आणि म्हणायचे चल, गरम जलेबी आणू, आणि चौराह्यापर्यंत आम्ही अक्षरशः धावत जायचो. एकदा सगळ्या बसच्या खिडक्यांना त्यांनी एका दिवसात हिरवा रंग दिला, दुसऱ्या दिवशी तो आवडला नाही म्हणून घासून काढला. दुसरी बस घेऊ, मग तिसरी, झाशी ते कानपूर आपली लाइन, ताईच्या नावाची पाटी. ते बोलत राहायचे आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत राहायचे. ताट मात्र तसंच असायचं. जीभ ओठांवरून फिरवत, दात दातावर घासत ते येरझाऱ्या घालायचे. मला तो उत्साह वाटायचा. ताई आधी त्यांच्या जबड्याकडे बघायची, मग पाण्याचा तांब्या पुढे करायची.

दोन-तीन दिवसांनी गोळी उतरायची. मग ते जे झोपायचे ते दिवस-दिवस उठायचे नाहीत, आणि उठले की वेगळाच माणूस उठायचा. मी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका दुपारी. कॉलेजातून आले, जिना चढले. जिजाजी ताईला शांतपणे विचारत होते की साड्यांची गाठोडी घेऊन तो फेरीवाला आला होता, तो जिन्यात किती वेळ उभा होता. ताई म्हणाली की उभा कुठे होता, मी वरूनच नको म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग आणखी एकदा. आणि मग आवाज झाला. ताटात भांडं आपटावं तसा. ताई भिंतीला टेकली होती आणि तिच्या गालावर बोटं उठत होती. मी दप्तर घेऊन दारातच उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि खाली निघून गेले. संध्याकाळी पेरूंची करंडी घेऊन आले, ताईसमोर बसून रडले. त्यानंतर ही गोष्ट घराच्या वेळापत्रकातलीच झाली. गोळीचे दिवस, झोपेचे दिवस, संशयाचे दिवस, पेरूंचे दिवस. हळूहळू झोपेचे दिवस कमी झाले, गोळ्या वाढल्या, आणि संशय गोळीच्या दिवसांतच येऊन बसला. पानवाला रेडिओ मोठा करतो तो ताईला खूण म्हणून. खिडकीचा पडदा कुणी सरकवला. ताईने गल्लीतल्या बायकांना सांगितलं की बंबाचं झाकण लागलं, कधी जिन्यात पाय घसरला. मला शपथ घातली की आई-नानांना कळता कामा नये. मी शपथ पाळली, कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा जलेबी यायची, आणि त्या वयात पुढचा आठवडाच खरा वाटतो.

वैशाखात एके सकाळी जिजाजी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले. कितीतरी दिवस झोपले नव्हते. बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या की डोळे नुसते काळे दिसत होते. म्हणाले, आज गरौठ्याच्या अलीकडच्या एका गावी बरात आहे, तुम्ही दोघीही चला. बुंदेलखंडात तेव्हा बरातीला बायका जात नसत. ताईने तसं म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "गाडी माझी आहे. माझी बायको माझ्या गाडीत बसणार. कुणाची हिंमत आहे?" ताईने माझ्याकडे पाहिलं आणि लुगडं बदलायला आत गेली. मी मात्र आनंदाने वेडी झाले होते. बरात, बँड, प्रवास, आणि तोही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, सगळ्यांत पुढे.

नवरा मुलगा रेल्वे कारखान्यात उमेदवारी करणारा, हडकुळा, मिसरूड जेमतेम फुटलेलं. कपाळावर मौर बांधलेला, त्याच्या झालरीतून फक्त नाक दिसत होतं. मागे त्याचे वडील, काका, मित्र, आणि शेवटच्या बाकांवर तांबडे डगले घातलेले बँडवाले, मांडीवर वाद्यं घेऊन. माणसांनी गाणी म्हटली, चिवड्याच्या पुड्या पुढून मागे गेल्या, कुणीतरी आम्हालाही लाडू दिले. जिजाजी इतक्या वेगाने गाडी हाकत होते की वारा तोंडावर फटकारे मारत होता आणि मी हसत होते. मोठला चहासाठी थांबलो. मंडीत गव्हाची पोती थप्पीला लागलेली, भुसा हवेत तरंगत होता. जिजाजींनी पुडी काढली आणि चहाबरोबर आणखी गोळ्या घेतल्या. रामसेवकाने खिडकीतून ताईला चहाचा कुल्हड दिला, "भाभीजी, लीजिए," एवढंच म्हणाला. जिजाजी ते बघत होते.

गरौठ्याच्या रस्त्याला लागलो आणि ते आरशात बघायला लागले. रस्त्यापेक्षा आरशातच जास्त. ताईला म्हणाले की मागे जीप आहे. ताईने वळून पाहिलं, म्हणाली नाहीये. ते म्हणाले, तू कशाला वळलीस, कोण आहे त्यात. ते विचारत राहिले, आवाज चढत गेला, मागची गाणी एकेक करून थांबली. बस रस्त्यावर नागमोडी जायला लागली. मी बाकाची दांडी घट्ट धरली. मग त्यांनी एकदम ब्रेक दाबला, माणसं पुढच्या बाकांवर आपटली, मागे एक झांज घरंगळत गेली. ते उतरले, वळसा घालून आले आणि ताईला दंडाला धरून खाली ओढलं.

माझी नात मनोरुग्णांवर उपचार करायचं शिक्षण घेते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, त्या औषधाने असंच होतं. झोप नाही, अन्न नाही, मग नसलेलं दिसायला लागतं, प्रत्येकावर संशय येतो." मी म्हटलं, खरं असेल बाई. ती जीप आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती.

दुपार कलली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, पिवळी, रखरखीत. त्या उन्हात सगळ्या बरातीसमोर त्यांनी ताईला मारलं. पहिल्यांदा हाताने. तिचा ओठ फुटला, पदर खांद्यावरून गेला. मी उतरून त्यांचा सदरा मागून ओढत होते. त्यांनी मला झटकलं तशी मी धुळीत बसले. बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. नवऱ्या मुलाच्या आत्याचे यजमान, सगळे त्यांना फूफा म्हणत, ते खिडकीतून म्हणाले की भैया, घरचा मामला घरी बघा, इथे मुहूर्त निघून चाललाय. जिजाजी बसकडे गेले आणि इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल घेऊन आले.

तेवढ्यात बसच्या दारातून नवरा मुलगा उतरला. मौर एका बाजूला कललेला, पिवळा पितांबर सावरत, पायातल्या कोऱ्या करकरीत जोड्यांनी अडखळत. तो काही धावला वगैरे नाही. चालत आला आणि ताईच्या आणि जिजाजींच्या मधे उभा राहिला. जिजाजींच्या खांद्याला तो जेमतेम लागत होता. हँडल वर गेलेलं होतं. ते तसंच राहिलं, मग हळूहळू खाली आलं.

फूफा उतरले, म्हणाले, बेटा, अपशकुन होईल, चल गाडीत. मुलगा वळला नाही. बुंदेलीत म्हणाला, "हम सोई आज काऊ की बिटिया ल्याबे जा रए। ई गाड़ी में नईं जैहें।" मीही आज कुणाची तरी मुलगी आणायला चाललोय, या गाडीतून मी जाणार नाही. त्याच्या वडिलांनी विचारलं की मग जाणार कसा. तो म्हणाला, पायी.

वडील बसमध्ये चढले आणि मुलीकडच्यांसाठी आणलेली पेटी स्वतः डोक्यावर घेऊन उतरले. त्यांच्या मागून एकेक माणूस उतरू लागला. शेवटी बँडवाले. मुलाचे वडील ताईसमोर येऊन हात जोडून म्हणाले की बेटी, आमच्याबरोबर चल, रात्र पडायच्या आत पोचू. जिजाजी बसच्या चाकाशी उभे होते, हातात हँडल तसंच. ताईने डोक्यावरून पदर घेतला, मला धुळीतून उठवलं आणि त्यांच्याकडे न बघता चालायला लागली. रामसेवक कुणाबरोबर जावं ते न कळून मधेच उभा होता. ताईनेच त्याला हाताने सांगितलं की तू इथे थांब, यांना एकटं सोडू नको.

आम्हा दोघींना त्यांनी बरातीच्या मधे घेतलं. थोडं अंतर सगळे नुसतेच चालले. मग बँडमास्तरने नवऱ्याच्या वडिलांना विचारलं की वाजवायचं का. वडिलांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "बजाइए. शादी है." आणि त्या उजाड रस्त्यावर एकदम ढोल, झांजा आणि क्लॅरिनेट सुरू झालं.

मी आयुष्यात पुष्कळ बराती पाहिल्या, माझी स्वतःचीही पाहिली, पण अशी नाही. माझं काळीज त्या ढोलाच्या वरताण वाजत होतं. भीती होती, लाज होती, आणि त्या सगळ्याच्या वर काहीतरी फसफसून येत होतं ज्याला नाव नव्हतं. मागे वळून पाहिलं तर निळी बस लहान होत चालली होती. आपण निघालो, आपण खरंच निघालो, एवढंच डोक्यात घुमत होतं. वाटेतल्या वस्तीवरची माणसं धावत बांधावर आली. पायी बरात आणि बरातीत दोन बायका, हे काय नवल म्हणून पोरं सोबत नाचू लागली. एका म्हातारीने घागर आणून सगळ्यांना पाणी पाजलं, ताईच्या ओठाकडे बघून तिला स्वतःच्या हाताने तोंड धुवायला लावलं. क्लॅरिनेटवाला लठ्ठ होता. चढावावर त्याचा दम संपला आणि ऐन सुरात वाद्यातून बदकासारखा आवाज निघाला. ताई हसली. फुटलेला ओठ ताणला गेला तशी कळवळली, ओठावर पदर धरला आणि तरी हसतच राहिली. किती महिन्यांनी मी तिला हसताना बघत होते. मग मलाही हसू आवरेना, आणि मग नवरा मुलगाही मौराच्या झालरीआडून हसायला लागला.

दिवेलागणीला गावात पोचलो. मुलीकडचे बसची वाट बघत वेशीवर उभे होते. आमची ही धुळीने माखलेली बरात बघून आधी त्यांच्यात गोंधळच उडाला. पण मुलीच्या आईने ताईचा चेहरा पाहिला आणि एकही प्रश्न विचारला नाही. "बिन्नू, भीतर आ जाओ," म्हणाली. तिकडे धाकट्या बहिणीला बिन्नू म्हणतात. आत नेऊन तिने गरम हळदीचा लेप लावला, आपलं धुतलेलं लुगडं दिलं, आणि लगीनघरच्या त्या धामधुमीत पुऱ्या, कढी, बुंदी असं ताट वाढून समोर बसली. तोवर बाकीच्या बायकांना सगळी हकीकत बरातीकडून कळली होती. जेवणाच्या पंगतीला तिथे बायका बरातीला गाऊन शिव्या देतात, गारी म्हणतात त्याला. नवऱ्याला, त्याच्या बापाला, फूफाला. त्या दिवशी त्यांनी फूफांना गाऊन असं सोललं की त्यांना पुरी गिळवेना. आणि शेवटी एका काकीने ढोलक पुढे ओढून बसवाल्यासाठी नवीन कडवं रचलं. सगळ्या बायका एकमुखाने उचलून धरत होत्या. ताई त्यांच्या घोळक्यात बसून टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या मामाने आम्हाला ट्रॅक्टरवरून मोठपर्यंत सोडलं, तिथून आम्ही झाशीला आलो आणि थेट जुन्या घरी गेलो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईने ताईला जवळ घेतलं. मग ताईने गोळ्यांचं सांगितलं आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. आईला तर खरोखरच सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माणूस वाईट नाही, ती मेली गोळी वाईट. नानांनी जिजाजींना गाठून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या बंद, झोप, दूध, विश्रांती. जिजाजींनी ऐकलंही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. रामसेवक येऊन सांगायचा की मालक नुसते झोपतात, जेवतात, पुन्हा झोपतात; बराती नाकारल्या; औषधवाल्याच्या दारातून सुद्धा जात नाहीत. पाऊस पडून गेला, शेतं हिरवी झाली, तेव्हा ते स्वतः आले. अंगाने भरलेले, डोळे निवळलेले, पांढराशुभ्र सदरा. त्यांना तसं बघून मलासुद्धा वाटलं की ताई आता परत जाईल.

ओसरीवर आईने चहा दिला. जिजाजी खाली बघत सावकाश बोलले. म्हणाले की इंदू, मला त्या दिवसाचं अर्धं आठवतही नाही. ते मी नव्हतो. ती गोळी होती. आता गोळी गेली.

आई ताईकडे बघत होती, हो म्हण ना आता, अशी. ताई खांबाला टेकून उभी होती. बाहेर जायची साडी नेसलेली, कारण झाशीजवळच्या बबीन्याला फौजेच्या छावणीतल्या मुलांच्या एका लहानशा शाळेत तिला नुकतीच जागा मिळाली होती आणि तिथे काही सामान नेऊन द्यायचं होतं.

ती म्हणाली, "तो नवरा मुलगा समोर आला तेव्हा गोळी पोटातच होती ना? मग हँडल खाली का आलं? पटांगणात गाडी वळवताना रामसेवकाने ती दोनदा नाल्यात घातली, तेव्हाही गोळी होती. त्याला कधी बोट लावलंत? गोळीला माणसं ओळखता येत नाहीत. तुमच्या हाताला येत होती."

जिजाजींनी मान वर केली. चेहऱ्यावर रक्त चढलेलं. आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. पुरता नाही, वीतभर. तेवढ्यात नाना आतल्या दारात आले. हात पुन्हा मांडीवर गेला. हे सगळं डोळ्याचं पातं लवावं तेवढ्यात झालं. त्यांच्या पोटात त्या दिवशी गोळी नव्हती. आईच्या हातच्या चहाखेरीज काहीच नव्हतं.

मी पाहिलं. ताईने पाहिलं. आणि मुख्य म्हणजे आईने पाहिलं. इतके दिवस जी रोज नवऱ्याच्या घराचं माहात्म्य सांगत होती ती पुढे झाली, त्यांच्यासमोरची अर्धी भरलेली कपबशी उचलली आणि म्हणाली, "निघा तुम्ही आता."

ते गेले. पुढे त्यांनी बस विकली, दुसऱ्या कुणाच्या ट्रकवर राहिले, कधीतरी कानपूरकडे गेले असं ऐकलं. पुन्हा गोळ्या घ्यायला लागले की नाही, ते मला माहीत नाही. घरात पुष्कळ वर्षं त्या गोळीचा विषय निघाला की कुणीतरी हळहळायचं, सोन्यासारखा माणूस, गोळीने गेला. आई कधी त्यात बोलली नाही.

ताई त्या सोमवारी पॅसेंजरने बबीन्याला शाळेत रुजू झाली. बहुतेक मुलं फौजेतल्या मराठी जवानांची, साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची. ती परत आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि सांगायला लागली. त्यांचं मराठी आपल्याला कळत नाही आणि आपलं त्यांना, एका मुलीने तिला "ओ बाई, तुम्ही हिंदीतलं मराठी बोलता" म्हटलं, एक मुलगा घरी जायलाच तयार नव्हता, एकीने तिच्या पदराला गाठ मारून ठेवली. ती हातवारे करत होती, श्वास न घेता बोलत होती, मधेच स्वतःच हसत होती. आणि आई हातात उलथनं धरून तव्यावरची पोळी उलटायची विसरून ऐकत होती.